दोन ताराबाई

वऱ्हाडच्या नकाशात बुलढाणे दाखवावयाचे तर बोट घाटावर ठेवावे लागते. खाली मलकापूर, शेगाव, खामगाव हा काळ्या मातीचा, कपाशीचा मुलूख. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर हे थंड हवेचे गाव. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, आणि पुढे या गावी जिल्ह्याची कचेरी आली. त्या कचेरीत डेप्युटी कमिशनरांच्या हाताखाली बापूजी हरि शिंदे हे हेडक्लार्क होते. गृहस्थ सत्यशोधक समाजाचे. त्यांनी आपल्या मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. जिजाबाईंचे माहेर सिंदखेडराजा याच जिल्ह्यात असल्यामुळे बुलढाण्याच्या लेकी म्हटले की सर्वांस प्रथम त्यांचीच आठवण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु बापूजींची ही कन्या, ताराबाई शिंदे, हीही त्या जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशीच होय.

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ताराबाईंचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे लहानसे पुस्तक छापून निघाले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. निमित्त घडले ते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेचे. लोकलज्जेस्तव तिने आपले अर्भक मारले असा आरोप शाबीत होऊन तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली, आणि पुढे ती काळ्या पाण्यावर आली. त्यावर वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जे दोषारोप होऊ लागले, त्यांस ताराबाईंनी उत्तर दिले. दोष बायकांचेच का मोजता, तेच दोष पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा सरळ सवाल होता. आणि तो त्यांनी वऱ्हाडातल्या घरगुती, खणखणीत भाषेत विचारला. जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये या लेखिकेची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही निघाले नाही. शिकलेली, जमाखर्च समजणारी, बोलण्यात कोणास हार न जाणारी ही बाई. पण तिच्या काळात तिच्यासारखीला बसावयास कोणत्या कचेरीत खुर्ची होती? तिच्या वडिलांना होती, तिला नव्हती.

योग असा की, त्याच १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला होता. फुल्यांनी त्याच्यापुढे आपले निवेदन ठेवले. पंडिता रमाबाईंनी पुण्यास साक्ष दिली, आणि मुलींना शिकविण्यासाठी स्त्रियांनाच तयार केले पाहिजे हे आग्रहाने सांगितले. पुढे आयोगाच्या शिफारशींत मुलींच्या शाळा तपासण्यासाठीही स्त्रिया नेमाव्यात, हा विचार आला. म्हणजे बुलढाण्याची एक स्त्री पुरुषांच्या अधिकाराविषयी प्रश्न विचारीत होती, त्याच वर्षी अधिकाराच्या एका लहानशा खुर्चीवर स्त्रीला बसवावे की काय, याचा खल सरकारदरबारी सुरू झाला होता. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु पुढे घडले त्याचा अर्थ लावताना दोन्ही ध्यानात ठेवलेल्या बऱ्या.

शाळा तपासणे म्हणजे काय, हे ज्यांनी खेड्यातली जुनी शाळा पाहिली आहे त्यांस सांगावयास नको. साहेब येणार अशी वर्दी लागली की जमीन सारवली जावयाची, हजेरीपत्रकातली खाडाखोड चाकूने खरवडून काढली जावयाची, आणि हुशार चार पोरे पुढल्या बाकावर येऊन बसावयाची. साहेबांनी दोन हिशेब घालावेत, एक कविता म्हणवून घ्यावी, शेराबुकात चार ओळी लिहाव्यात आणि दमणीत बसून पुढल्या गावी जावे. जी मुले त्या दिवशी शाळेत आलीच नाहीत, किंबहुना कधीच आली नव्हती, त्यांच्याविषयी शेराबुकात रकाना नसे. पुरुषाच्या जागी बाई तपासनीस आली तरी शेराबुक तेच राहणार होते. स्त्रीला खुर्ची मिळाली की सर्व झाले, अशी पुष्कळांची समजूत असे. त्या खुर्चीवर बसून तिने काय करावयाचे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारी.

१८८२ नंतरच्या चाळीस वर्षांत स्त्रियांनी संस्था उभारण्याचे आणि चालविण्याचे काम पुष्कळ केले. त्याचा पाया सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ पासून पुण्यात घालून ठेवलाच होता. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली निघाले. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. या प्रत्येकीची कथा स्वतंत्र सांगण्यासारखी आहे. परंतु नुसत्या अधिकाराच्या जागेचे नव्हे, तर त्या जागेपलीकडे काय आहे त्याचे उदाहरण पाहावयाचे असेल, तर दुसऱ्या एका ताराबाईंकडे वळावे लागते. आणि तो रस्ताही वऱ्हाडातूनच जातो.

ताराबाई मोडक, माहेरच्या केळकर, यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते. त्यामुळे घरात मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती, आणि १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्या वऱ्हाडच्या सूनबाई होऊन अमरावतीस आल्या. तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झाली, तेव्हा ताराबाईंच्या पदरी एक लहानगी मुलगी होती. नवऱ्यापासून वेगळी राहणारी शिकलेली बाई म्हणजे चार तोंडांना बोलावयास विषय, असा तो काळ होता. आपले व मुलीचे पोट आपल्या विद्येवर भरणे एवढाच मार्ग त्यांच्यापुढे होता.

ती विद्या कामास आली. काठियावाडात राजकोट येथे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज ही शिक्षिका तयार करणारी संस्था होती. तेथील प्राचार्यपदावर येणाऱ्या ताराबाई या पहिल्या भारतीय स्त्री होत. आयोगाच्या चर्चेत चाळीस वर्षांपूर्वी जिचा विचार निघाला होता, ती ही खुर्ची. पगार ठरलेला, मान ठरलेला, हाताखाली माणसे, आणि पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या असलेल्या त्या दिवसांत पुढची बढतीही जवळजवळ ठरलेलीच. एकाकी मातेला याहून अधिक सुरक्षित आसरा कोठे मिळाला असता?

ताराबाईंनी ती जागा सोडली. राजकोटपासून काही अंतरावर भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तेथे गिजुभाई बधेका या वकिलाने आपली वकिली टाकून १९२० साली बालमंदिर काढले होते. इटलीच्या डॉ. मॉन्टेसरी यांच्या पद्धतीवर अडीच ते सहा वर्षांच्या मुलांना मारझोडीवाचून, पाढ्यांच्या घोकंपट्टीवाचून शिकविण्याचा तो प्रयोग होता. मोठ्या मिशांच्या या शिक्षकाला गुजराती लोक प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. १९२३ साली ताराबाई त्यांच्या कार्यात सामील झाल्या. कॉलेजच्या प्राचार्या बालवर्गाच्या बाई झाल्या! ही पायरी खाली उतरण्याची आहे असेच व्यवहारी माणसाला वाटेल, आणि तेव्हाही पुष्कळांस वाटले असल्यास नवल नाही. ज्या समाजात मास्तराची किंमत तो कोणती इयत्ता शिकवितो यावर ठरते, आणि बिगारीचा मास्तर सर्वांत खालचा गणला जातो, तेथे दुसरे काय वाटावे?

परंतु कारभाराची जी हातोटी ताराबाईंच्या अंगी होती, ती त्यांनी राजकोटास ठेवून दिली नव्हती. प्रयोग करणारी माणसे पुष्कळ असतात. तो प्रयोग दहा ठिकाणी नीट चालावा म्हणून नियम, हिशेब, अभ्यासक्रम आणि शिकविणारी माणसे सिद्ध करणारे थोडे असतात. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि त्याची जबाबदारी गिजुभाईंबरोबर ताराबाईंनी उचलली. बालशिक्षणाच्या प्रचारासाठी गुजरातीत 'शिक्षणपत्रिका' निघाली. १९३३ साली तिची मराठी आवृत्ती सुरू झाली, आणि तिचे संपादन ताराबाईंनी दीर्घकाळ केले. नऊ वर्षे भावनगरला काढून त्या मुंबईस परतल्या, आणि १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार काढले. त्याच्या जोडीने बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही चालविले. नुसते बालमंदिर काढले असते तर ते एक चांगले बालमंदिर झाले असते. शिक्षिका तयार करण्याची सोय त्याला जोडली म्हणून त्याचे बीज गावोगाव जाऊ शकले. हे मर्म त्या राजकोटच्या खुर्चीवर बसून शिकल्या असाव्यात, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवरची कथा मध्यमवर्गाच्या मुलांची झाली. दादरला पांढरपेशांची मुले बालमंदिरात येत, लाकडी ठोकळे, दट्टे, रंगीत फळ्या हाताळीत, आणि आईबाप कौतुक करीत. ते सर्व साहित्य महागाईचे होते. ज्या घरात सकाळच्या भाकरीची पंचाईत, त्या घरच्या पोराने त्या ठोकळ्यांचे तोंड कोठून पाहावे? ताराबाई पन्नाशी ओलांडून गेल्यावर हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. १९४५ च्या डिसेंबरात समुद्रकाठच्या बोर्डी या गावी त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते; २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. जुनी हुजूरपागा शाळेतली नोकरी केलेल्या अनुताई वाघ त्याच साली त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेली, शिकून शिक्षिका झालेली ही बाई वयाने ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. दोघींचे गुरुशिष्येचे नाते शेवटपर्यंत टिकले.

बोर्डीस बालवाडी उघडली, पण गावाच्या कडेच्या वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. जुन्या रीतीचा तपासनीस असता तर त्याने 'पालक उदासीन आहेत' असा शेरा मारून वही मिटली असती. शेराबुकात तो शेरा इतक्यांदा लिहिला गेला आहे की त्याचा रबरी शिक्काच करून ठेवावयास हवा होता. ताराबाईंनी वस्तीत जाऊन पाहिले. मोठी माणसे मजुरीला गेलेली. पाचसहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटे भावंड. अंगावर धड कापड नाही. आणि बालवाडी चार पावलांवर असली तरी त्या मुलांच्या मनाने ती परमुलखात. मुले शाळेकडे येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असा त्यांनी निर्णय केला. मग शिक्षिका रोज त्या वस्तीतच जाऊ लागल्या. कोणाच्या तरी दारापुढचे आंगण झाडून घ्यावयाचे, मुलांचे हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे, आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ सुरू करावयाचे. आंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. हा शब्द आज आसेतुहिमाचल चालतो, आणि तो मूळ मराठी आहे हे पुष्कळ मराठी माणसांस ठाऊक नसते.

साहित्याचा प्रश्नही तेथेच सुटला. परदेशी नमुन्याच्या ठोकळ्यांऐवजी समुद्रावरचे शंखशिंपले, चिंचोके, बिया, काटक्या, पाने आणि खडे आले. मोजावयास खडे, लहानमोठे लावावयास शिंपले, रंग ओळखावयास पानेफुले. तत्त्व मॉन्टेसरीबाईंचेच, कपडे मात्र गावठी. अशा साहित्याला किरकोळ खर्चाची मंजुरी लागत नाही, आणि मोडले तर जाबही द्यावा लागत नाही. जी गोष्ट गरीब गावाला पैशावाचून चालविता येते तीच टिकते, हे शालेय कारभारातले सत्य मोठमोठ्या समित्यांच्या अहवालांतही सहसा आढळत नाही.

बोर्डीचे काम मार्गी लागल्यावर, पासष्टीच्या घरात असताना, ताराबाई कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. डहाणूकडचा हा वारली आदिवासींचा मुलूख. येथे आंगणही पुरेना. कारण मुले आंगणात नसतच, ती गुरांमागे रानात असत. तेव्हा शाळा गुरांमागे गेली. शिक्षकाने रानात जावयाचे, गुरे चरत असताना झाडाखाली मुलांना जमवावयाचे आणि जमेल तितके शिकवावयाचे. हिचे नाव कुरणशाळा. दिवसा वेळ न मिळणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एका ठिकाणी आणून त्यांनी विकासवाडी केली. भावंड सांभाळण्यासाठी ज्या मुलीची शाळा सुटते, तिचे भावंड पाळणाघरात आणि ती वर्गात, अशी ही योजना. हजेरीपत्रकात ज्या मुलीच्या नावापुढे महिनोगणती 'गैरहजर' असे पडते, तिच्या गैरहजेरीचे कारण शोधून त्या कारणालाच शाळेत दाखल करून घ्यावे, ही कल्पना ज्या कोणास सुचली त्याला शाळा कशी चालवावी हे खरोखर कळले असे समजावे.

ताराबाईंच्या प्रत्येक प्रयोगाला सारखेच यश आले असे मात्र नाही. कुरणात भरणारी शाळा चालविण्यास माणूस त्याच तोलामोलाचा लागतो. आणि पगार घेऊन घड्याळाकडे पाहणाऱ्याच्या हाती ती दिली तर गुरेही जातात आणि शाळाही जाते. अशा संस्था एका व्यक्तीच्या तेजावर चालतात, तिच्या मागे विझतात, हा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो आणि तो अगदीच खोटा नाही. परंतु येथे ताराबाईंनी आपल्या मागची व्यवस्था डोळ्यांदेखत सिद्ध केली होती. १९६२ साली त्यांना पद्मभूषण हा बहुमान मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर कोसबाडची धुरा अनुताईंनी १९९२ साली स्वतःच्या अखेरपर्यंत वाहिली. त्यांना १९८५ साली पद्मश्री मिळाली. एकीने दुसरीच्या हाती किल्ल्या दिल्या, आणि कुलूप मोडले नाही. वारसाच्या वादात बुडालेल्या संस्था ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस याची किंमत कळेल.

आता पुनः बुलढाण्याकडे वळावे. ताराबाई शिंद्यांचे पुस्तक नंतरच्या काळात लोकांच्या विस्मृतीत गेले होते. डॉ. स. गं. मालशे यांनी ते शोधून काढून १९७५ साली पुनः प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून बुलढाण्याच्या या लेकीचे नाव देशापरदेशांत गेले. त्याच १९७५ साली, २ ऑक्टोबर रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आजमितीस देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. घाटाखालच्या कपाशीच्या गावांपासून घाटावरच्या मेहकर, लोणार, चिखलीच्या वाड्यावस्त्यांपर्यंत बुलढाणे जिल्ह्यातही त्या पोहोचल्या आहेत. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस स्त्रिया. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकाही स्त्रियाच. शाळा तपासावयास बाई नेमावी काय, असा खल १८८२ साली चालला होता. आज लाखो स्त्रिया एवढा मोठा कारभार रोज सकाळी उघडतात आणि दुपारी मिटतात.

खेड्यातली सेविका सकाळी येते. खोली झाडते, मुलांना घरोघरून हाक मारून आणते, वजनकाट्यावर घालते, आहार वाटते, गाणी म्हणवून घेते. गरोदर बायकांची नोंद, तान्ह्या मुलांच्या लसींची नोंद, पोषण आहाराच्या साठ्याची नोंद, हे सर्व तिच्याच शिरावर. पूर्वी त्यासाठी रजिस्टरांची चळत असे. अलीकडे तेच मोबाइलवर भरावे लागते, आणि गावात रेंज नसली तर माहिती धाडण्यासाठी उंचवट्यावर जाऊन उभे राहावे लागते. ताराबाई मोडकांच्या अंगणात मुलाला प्रथम स्थान होते आणि कागदाला शेवटचे. तो क्रम पुष्कळ ठिकाणी उलटला आहे, हे त्या सेविकाच सर्वांआधी सांगतील.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. ही सेविका सरकारच्या लेखी मानसेवी आहे. तिला मिळते ते वेतन नव्हे. त्याला मानधन म्हणतात. मान आणि धन हे दोन्ही शब्द एकत्र आले की दोन्ही थोडेथोडेच पदरी पडतात, असा अनुभव आहे. डिसेंबर १९२३ नव्हे, २०२३ मध्ये, म्हणजे ताराबाई भावनगरला गेल्यास पुरी शंभर वर्षे झाली तेव्हा, महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस वेतनश्रेणी आणि ग्रॅच्युइटीच्या मागणीसाठी संपावर होत्या. तत्पूर्वी २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील प्रकरणात असा निर्णय दिला होता की, अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. त्यांच्या कामाला निव्वळ हौसेची सेवा समजता येणार नाही, हा त्या निर्णयाचा आशय.

ज्या योजनेचे नाव एका मराठी प्राचार्येच्या आंगणातून आले, त्या योजनेतल्या बाईला आपली निवृत्तीची रक्कम मागावयास दिल्लीच्या न्यायालयापर्यंत जावे लागले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी हे पाहिले असते, तर त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना'च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी एक प्रकरण खचित राखून ठेवले असते. आणि मोडक ताराबाईंनी, त्यांच्या रीतीप्रमाणे, त्या सेविकेच्याच आंगणात जाऊन तिला काय हवे ते आधी विचारले असते.